एकाच दिवशी जन्मलेले दोनशे चौदा

१

फुलवंता आजी मोहाच्या झाडाखाली पडून होती. टोपली कलंडलेली, फुलं मातीत, अंग घामानं ओलंचिंब, अन् हाक मारली तरी डोळे उघडत नाहीत. बुधवारची सकाळ, सात-सव्वासात. तिच्या नवऱ्यानं, मंगरू आजोबानं, तिले पाठीवर घेऊन डांबरी रोडपर्यंत आणलं. एकशेआठची गाडी आली, बोटाले सुई टोचली. शुगर किती निघाली सांगू? चौतीस! अरे, आपली उपाशीपोटी नव्वद राहते.

संजू, हसू नको. अन् दोस्तहो, मधात बोलू नका कोणी. एका दमात सांगू द्या, नाहीतर माह्याच्यानं सांगणं होणार नाही. शेवटी तुमाले एक गोष्ट मागणार आहे मी.

तर आजीले शुगरची बिमारीच नाही. कधीच नव्हती. तिले फक्त बीपी. मंगळवारी आमच्या डोंगरटोल्याच्या दवाखान्यातून गोळ्या घेऊन गेली, बुधवारी पहाटे उपाशीपोटी खाल्ल्या, अन् मोह वेचाले निघाली. त्या पुडीत बीपीच्या गोळीसंगं शुगर उतरवाची गोळी होती. ज्याले शुगर नाही त्यानं ते खाल्ली तं काय होते, ते झाडाखाली दिसलंच.

आता आमच्याकडं कागदाची चिठ्ठी दोन वर्षांपासून बंद आहे. डॉक्टर टॅबवर औषध निवडते, ते औषधाच्या खिडकीतल्या पडद्यावर जाते, तिथून गोळ्या मिळतात. मी तिथला डाटा ऑपरेटर, तं पहिल्यांदा मलेच पाहाले सांगितलं, का आजीले हे कोणं लिहून दिलं. मी उघडलं. साफ दिसत होतं. मंगळवार, अकरा वाजून वीस मिनिटं, डॉक्टर चंचल.

मी म्हटलं, सुटला प्रश्न.

मग आठवलं. मंगळवारी अकरा वाजून वीस मिनिटाले चंचल मॅडम गोंदियाले मिटिंगमध्ये बसल्या होत्या. सत्तर किलोमीटर दूर. ग्रुपवर फोटोही आला होता, तिसऱ्या रांगेत, जांभई देताना.

२

गुरुवारी तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांचा, टिकाराम साहेबांचा, फोन आला. शनिवारी दहा वाजता येतो, तोपर्यंत मले नाव पाहिजे. बस. दुपारपर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच नाव, ओमेश्वरी सिस्टर. मंगळवारी ओपीडीत तीच होती. अकरा वर्षांपासून करारावर आहे. एक कागद आला का अकरा वर्षं साफ.

अन् तुमाले माहीत आहे ना, ओमेश्वरी सिस्टर माह्यासाठी काय आहे? मी नवीन लागलो तवा तीन महिने डबा तिचा खाल्ला. माह्या वाट्याची चटणी वेगळी आणे ते. मले म्हणे, "तू माहा लहाना भाऊ, पर हात धुवून जेव."

मी विचार करत बसलो होतो तं दारात वच्छलामावशी. आमच्या तीन टोल्यांची, म्हणजे वस्त्यांची, आशाताई. पदर कमरेले, पिशवी खांद्याले.

"दुर्गेश, ऊठ."

"काऊन मावशी?"

"मंगरू भाऊ काल साऱ्या टोल्यासमोर मले बोलला. म्हणे, माही बायको तूच नेलीस दवाखान्यात, तूच सांग तिले मरणाच्या दारात कोनं नेलं. मले जाब द्या लागते. मी साऱ्याले विचारीन. तू माह्यासंगं चाल, मले तुमचं हे कम्पुटर येत नाही."

"साहेब येऊन राहिले ना शनिवारी."

"साहेब कागद पायते. मी मानसं पायते. चाल."

तिचा फोन तवाच टुंग टुंग वाजला. मावशीचा फोन कधी चूप राहत नाही. टोल्यांमध्ये म्हाताऱ्यांजवळ फोन नाही, अन् नोंदणीत नंबर टाकल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही, म्हणून सगळ्यांच्या नावापुढं तिचाच नंबर टाकलेला आहे. कोणाची गोळी संपली, मेसेज तिले. कोणाची तपासणी आली, मेसेज तिले.

"एक जानेवारीले तं विचारू नको," ते चालता चालता म्हणे. "दिवसभर हॅपी बर्थडे, हॅपी बर्थडे. आमच्या मालकानं इचारलन, कोन आहे व हा?"

आम्ही दोघं हसलो. तवा हसलो होतो मी.

३

औषधाच्या खिडकीत इंद्रकुमार भाऊ. पंचवीस वर्षांची नोकरी, चष्मा कपाळावर.

"मले काय विचारता?" तो आधीच तापलेला. "पडद्यावर जे आलं ते मी दिलं."

"एवढी वाळकी बाई," मावशी म्हणे. "तिले शुगरची गोळी देताना हात नाही थांबला तुमचा?"

 मग चष्मा डोळ्यावर घेतलन अन् हळूच म्हणे, "वच्छला, खरं सांगू का. पहिले डॉक्टरचं अक्षर लागत नव्हतं, तं मी उठून विचाराले जाऊ. रोज दहा वेळा. आता साफ छापील येते. साफ दिसल्यावर मानूस कायले विचारन?"

मावशी तिथून वळली. सिस्टरच्या टेबलाजवळ गेली, तिथला टॅब उचलला अन् पालथा केला. मागच्या बाजूले पांढरी चिकटपट्टी, तीच, आपण जखमेवर लावतो ते. पट्टीवर निळ्या पेननं चंचल मॅडमचा पासवर्ड.

"हे काय हो दुर्गेश?"

आता हे साऱ्या दवाखान्याले माहीत होतं. मॅडम मिटिंगले गेल्या का जुन्या पेशंटले नेहमीच्या गोळ्या कोण देणार? वीस-वीस किलोमीटरवरून चालत येतात लोकं. म्हणून सिस्टर मॅडमच्या नावानं उघडे, 'मागचंच पुन्हा' असं बटन आहे ते दाबे, झालं. मॅडमनंच सांगितलेलं.

ओमेश्वरी सिस्टर दारात उभी होती. तिनं पाहिलं, पट्टीवाला टॅब मावशीच्या हातात आहे.

"मीच दाबलं," ते म्हणे. आवाज एवढासा. "काल नाही म्हटलं मी सगळ्यांले, भेव लागला. पर दाबलं मीच. बाहेर पन्नास लोकं होते वच्छलाबाई. मी फक्त मागचंच पुन्हा केलं. मी नवीन एक गोळी टाकली नाही. माह्या लेकराची आन."

"मंग शुगरची गोळी मागच्यात आली कुठून?"

"मले काय मालूम! पडद्यावर होती ते."

मी टॅब उघडला. खरंच होती. फुलवंता, मागच्या नोव्हेंबरात, शुगर दोनशे ऐंशी, गोळी सुरू. अन् त्या दिवशी तं मॅडम दवाखान्यात हजर होत्या.

मावशी सरळ मॅडमच्या खोलीत घुसली. मागून मी.

"हो, ती मीच लिहिली आहे," चंचल मॅडम म्हणाल्या. रडून डोळे सुजले होते त्यांचे, नागपूरहून येऊन वर्षच झालं आहे त्यांले. "मला चांगलं आठवतं. फुलवंता. दोनशे ऐंशी. मी त्यांना म्हटलं, गोड बंद. तर बाहेर स्कूटरवर मुलगा थांबला होता, तो म्हणाला, मॅडम, आई चहात चार चमचे घेते."

मावशी एकदम थांबली.

"स्कूटरवर?"

"हो. का?"

"मंगरू भाऊले पोरगा नाही, मॅडम. दोन पोरी आहेत, दोघी नांदाले गेल्या. अन् त्याच्या घरी सायकल बी नाही."

४

दवाखान्यासमोर पळसाखाली सिमेंटचा बाक आहे ना, तिथं बसलो. मावशीनं पिशवीतून डबा काढला, खाल्ला नाही, तसाच मांडीवर ठेवला. मग फोन काढला.

"मले एक काम येत नाही," ते म्हणे. "मेसेज खोडता येत नाही. सारे पडून आहेत. टॅबातून मानूस गेला तं त्याचा मेसेज बी जाईन ना. पाय बरं, मागच्या वर्षीच्या एक जानेवारीले किती आले?"

मी मोजाले लागलो. मोजताना मजा वाटत होती, खरं सांगतो. प्रिय सुकवंताबाई, वाढदिवसाच्या शुभेच्छा. प्रिय रेवाराम, वाढदिवसाच्या शुभेच्छा. दोनशे चौदा निघाले.

"सारे एकाच दिवशी जलमले?" मावशी म्हणे.

आता हे तुमाले सांगा लागते. म्हाताऱ्यांले जन्मतारीख विचारली तं ते म्हणतात, नवऱ्याहून दोन वर्षं लहान, नाहीतर म्हणतात, मोठा पूर आला तवा रांगत होती. अन् तारीख टाकल्याशिवाय पान पुढं सरकत नाही. बाहेर रांग. तं मी सगळ्यांले एक जानेवारी टाकत होतो. साल, चेहरा पाहून. साठीच्या आसपास वाटला का एकोणीसशे साठ. आडनावाचा रकाना सक्तीचा नव्हता, तं तोही सोडून देत होतो. नाव, एक जानेवारी, मावशीचा नंबर. पुढचा या.

"आता या वर्षीचे मोज," मावशी म्हणे.

मोजले. एकशे एकाहत्तर.

मावशीनं बोटावर हिशेब केलन. "त्रेचाळीस कमी. मधल्या वर्षभरात माह्या टोल्यांत मयती झाल्या चार. त्या मीच तुले लिहून देल्ल्या. मंग एकोणचाळीस मानसं कुठं गेली रे?"

एकोणचाळीस.

संजू, तुले उन्हात चालताना एकदम थंडी वाजली आहे का कधी? तसं झालं. हा आकडा मी पाहिला होता. माह्याच पडद्यावर, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. हिरव्या अक्षरात.

मावशी माह्याकडं पाहत होती.

अन् मी काय म्हटलं माहीत आहे?

मी म्हटलं, "नेटवर्क नसन मावशी त्या दिवशी."

५

डिसेंबरात वरून आदेश आला होता. दुबार नोंदी साफ करा, जो दवाखाना पहिला करन त्याले प्रमाणपत्र. दुबार म्हणजे एकाच माणसाच्या दोन नोंदी. त्या होतात, नेटवर्क अडकलं का आपण दोनदा दाबतो अन् दोन बनतात. टॅब आपोआप जोड्या शोधून दाखवे. हे नाव सारखं, तारीख सारखी, नंबर सारखा, हे दोघं एकच आहेत का? हो किंवा नाही. सोबत लिहून येई, का शंका असल्यास पेशंटले भेटून खात्री करा.

चहाचा कप होता माह्या डाव्या हातात. उजव्या हातानं हो, हो, हो. चहा संपायच्या आधी एकोणचाळीस झाले.

सव्वीस जानेवारीले प्रमाणपत्र भेटलं, तालुक्यात पहिला. तुम्हीच तं स्टेटसवर टाळ्या वाजवल्या. ओमेश्वरी सिस्टरनं समोसे आणले अन् स्वतःच्या हातानं ते नोंदणीच्या भिंतीवर टांगलन. खिळा तिनंच ठोकलन.

गुरुवारी त्या बाकावरून उठलो तवा मले सारं समजलं होतं. बोलाले पाहिजे होतं. सिस्टर समोरच्याच खोलीत बसली होती, दहा पावलं. मी गेलो नाही. घरी म्हटलं पोट दुखते, जेवलो नाही.

शुक्रवारी सकाळी सगळ्यांच्या आधी दवाखान्यात गेलो. वाटलं, परत वेगळे करून टाकू, कोणाले समजणार नाही. एकोणचाळीस नावं उघडून पाहिली. एकदा एक केलेले परत वेगळे करायचं बटनच नाही त्यात. आता एका नावात दोन माणसांचं बीपी, दोन माणसांचे खोकले, कोणाचं काय ते मलेच ओळखू येईना. मग मी काय केलं? भिंतीवरचं प्रमाणपत्र काढलं अन् शर्टात घालून घरी नेलं. मले वाटलं, ते दिसलं नाही तं कोणाले आठवणार नाही.

दहा वाजता मावशी आली. नोंदणीच्या खिडकीत टेकून उभी राहिली.  नुसती भिंतीकडं पाहत होती.

"दुर्गेश."

"काय मावशी?"

"खिळा आहे. कागद कुठं गेला?"

मी टॅबमध्ये मान घातली.

"मी काल तुले कोनाचंच नाव नाही सांगतलं," ते म्हणे. "एकोणचाळीस मानसं गेली एवढंच म्हटलं. हे गोष्ट फक्त तुले अन् मले मालूम. अन् आज तो कागद भिंतीवरून उतरला." तिनं पिशवी खांद्याले लावलन. "उद्या दहाले साहेब येऊन राहिला. मी दोन मानसं घेऊन येईन. तिसऱ्याचं त्यानं पाहावं."

६

शनिवारी टिकाराम साहेब आले. जाडी फाईल, पाण्याची बाटली. ओमेश्वरी सिस्टरले समोर उभं केलं. खुर्ची रिकामी होती, तरी कोणी बस म्हटलं नाही.

"आपने बटन दबाया?" साहेब म्हणे.

"हो साहेब."

"डॉक्टर के नाम से?"

"हो साहेब. बाईले पाहून द्याले पाहिजे होतं मी. ते चुकलं माहं."

साहेबानं पेन उघडला. तवा मावशी मागून म्हणे, "साहेब, लिहाच्या आधी एक काम करा. तुमच्या हातानं त्या टॅबवर फुलवंताचं नाव काढा."

"तुम्ही कोण?"

"आशा. दोनशे चौदा लोकांचा फोन."

साहेब गोंधळले, पण काढलं. "एक है. फुलवंता, डोंगरटोला, एक-एक-साठ. मग?"

"आवाज द्या तिले."

"फुलवंता!" साहेबानं हाक मारली, चिडूनच.

उजवीकडच्या बाकावरून एक बाई उठली. भरल्या अंगाची, हातभर बांगड्या, दारात तिचा पोरगा स्कूटरची चाबी फिरवत उभा. "मी जी. फुलवंता कटरे. मले शुगर आहे."

डावीकडच्या बाकावरून मंगरू आजोबा उठला. डोक्यावरचा दुपट्टा हातात घेतलन. "अन् माहीवाली बी हेच साहेब. फुलवंता मडावी. ते काल घरी आली, अजून उभी नाही होत. तिले बीपी आहे."

साहेब एकदा बाईकडं पाहे, एकदा आजोबाकडं, एकदा टॅबकडं.

"दोन बाया," मावशी म्हणे. "एकीले शुगर, एकीले बीपी. टॅबात दोघी एकच झाल्या. मॅडमनं शुगरची गोळी बरोबरच लिहिली, ह्या कटरेबाईले. दोघींनी बी डिसेंबरात तीन-तीन महिन्याच्या गोळ्या नेल्या होत्या, म्हणून मार्चपर्यंत कोनीच आली नाही, कोनाले दिसलं नाही. मंगळवारी मडावीबाई आली, सिस्टरनं मागचंच पुन्हा दाबलन, तं दोघींच्या गोळ्या एकीले गेल्या. सिस्टरनं पडद्यावर भरोसा ठेवलन. इंद्रकुमारनं बी तेच केलन. पडदा कोनं बिघडवलन, हे खरी गोष्ट आहे."

"किसने?" साहेब म्हणे.

मावशीनं माह्याकडं पाहिलंच नाही. पदरानं तोंड पुसलं अन् बाकावर बसली. "ते मी नाही सांगत. ज्याचं त्यानं सांगावं."

आता हे ऐका. माह्या मनात काय आलं तेही सांगतो, लपवत नाही. मनात आलं, चूप राहू. सिस्टरनं कबूल केलंच आहे. साहेबाचा पेन उघडाच आहे. एक मिनिट चूप राहिलो तं होऊन जाते. पंखा फिरत होता. मी त्याची पाती मोजली.

मग सिस्टरनं वळून भिंतीकडं पाहिलं. तिनं ठोकलेल्या त्या खिळ्याकडं. अन् मग माह्याकडं. तिले समजलं. डोळ्यांतूनच समजलं मले. अन् तरीही काही बोलली नाही ते.

"मी," मी म्हटलं. "मी केलं साहेब. न पाहता."

सकाळी घरून परत शर्टात घालून आणलेलं प्रमाणपत्र काढलं अन् टेबलावर ठेवलं. घामानं चिकटलं होतं ते.

७

सिस्टर राहिली. पासवर्डची पट्टी साहेबानं स्वतः उचकटली, मॅडमले अन् तिले लेखी समज भेटली. मले काढलं नाही अजून. वरून उत्तर याचं आहे. तोपर्यंत हुकूम हा, का एकोणचाळीस जोड्या घरोघरी जाऊन वेगळ्या करायच्या. त्यातल्या पाचच खऱ्या दुबार निघाल्या. उरलेली अडुसष्ट माणसं मी जिवंतपणी गायब केली होती.

डबा सिस्टर अजून आणते. चटणी आता एकच आणते.

पहिलं घर मडावीचं केलं. आजी खाटेवर बसली होती, हातात पेज. मी नाव सांगितलं, दवाखान्यातून आलो म्हटलं, तं ते एकदम सरकून बसली, मले जागा कराले.

"सिस्टरले सांग बाबू," ते म्हणे, "का राग नोको धरू म्हणा. मीच काही तरी उलटंसुलटं खाल्लं असन. माह्यापाई तिची नोकरी जात होती म्हने."

ते माफी मागत होती रे. ते!

टॅब माह्या मांडीवर होता. मी म्हटलं, "आजी, तुमी काही उलटं नाही खाल्लं. मी तुमाले अन् कटरेबाईले एक करून टाकलं होतं. न पाहता."

 आजीनं पेजेत बोट फिरवलं. मले वाटलं, आता शिव्या देणार, अन् देवाची शपथ, मी वाट पाहत होतो. तं म्हणे, "मंग ते दुसरी बाई बरी आहे ना? तिच्या गोळ्या तं मी घेऊन आली."

"बरी आहे आजी."

"बरं झालं."

बस. एवढंच. मग मी खाली मान घालून विचारलं, "आजी, जन्म कधीचा?"

आजीले पहिल्यांदा हसू आलं. "माय पायी चालली होती कचारगडच्या जत्रेले. माघ पुनव. वाटेतच झाली मी, झाडाखाली." मंगरू आजोबानं साल सांगितलन, तिच्या मोठ्या भावाच्या वयावरून हिशेब लावून. अठ्ठेचाळीस निघालं. मी साठ टाकलं होतं. बारा वर्षं लहान केली होती मी तिले. त्या सालातली माघ पौर्णिमा शोधली, तारीख टाकली, आडनाव टाकलं. चार मिनिटं लागली. घड्याळ पाहून सांगतो, चार.

आता सव्वीस घरं राहिली आहेत. दार उघडते, लोकं पाणी देतात, बसा म्हणतात, अन् मले दर वेळी पहिल्यापासून सांगा लागते, का मी कोण, अन् मी काय केलं. काल एका दारासमोर गाडी उभी केली अन् तशीच वळवून परत आणली. ठोकताच आलं नाही.

उद्या सकाळी आठले निघायचं आहे. बोलीन मीच. फक्त कोणीतरी संगं उभं राहा. संजू, तू येतं का?